बोडियम किल्ला

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यातील चौदाव्या शतकातला, पाण्याच्या रुंद खंदकाने वेढलेला भुईकोट. रॉदर नदीच्या खोऱ्यातील शेतीच्या मुलखात असलेला हा किल्ला लंडनहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोग्या अंतरावर असल्यामुळे एकदिवसीय सहलीसाठी लोकप्रिय आहे.

किल्ल्याचा निर्माता सर एडवर्ड डॅलिंग्रिज हा धाकटा मुलगा असल्याने वडिलार्जित जमिनीला मुकलेला होता. फ्रान्समधील लढायांत लूट व खंडणीवर त्याने पैसा उभा केला आणि बोडियमची जहागीर त्याला पत्नीकडून मिळाली. तटावर चर्या, म्हणजे आडोशासाठीचे दातेरी कठडे, उभारण्याचा परवाना इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याने त्याला ऑक्टोबर १३८५ मध्ये दिला. आसपासच्या प्रदेशाचे रक्षण आणि शत्रूचा प्रतिकार हे त्यामागचे कारण परवान्यात नमूद आहे. ते अगदीच पोकळ नव्हते, कारण फ्रेंचांनी १३७७ मध्ये जवळचे राय हे बंदर जाळले होते.

किल्ला चौकोनी असून चार कोपऱ्यांवर गोल बुरूज, तटांच्या मध्यभागी चौकोनी बुरूज आणि उत्तरेला जोडबुरुजांचा महादरवाजा आहे. बालेकिल्ला मात्र नाही. दिवाणखाना, स्वयंपाकघर, प्रार्थनागृह आणि राहण्याच्या खोल्या तटाला आतून चिकटून, मधल्या चौकाभोवती बांधलेल्या होत्या. हा खरोखर लढण्यासाठी बांधलेला किल्ला होता की तशा वेषातला वाडा, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद आहे. महादरवाजात बंदुकीसाठी जंग्या, म्हणजे मारा करण्याची भिंतीतली छिद्रे, आहेत आणि छताला वरून मारा करण्याची भोके आहेत. शिवाय मूळ लाकडी पूल पश्चिम काठावरून येऊन काटकोनात वळत असे, म्हणजे येणाऱ्याची बाजू तटावरील माऱ्याखाली राही. उलट, खंदकाचे पाणी ज्या मातीच्या बांधाने अडवले आहे तो फोडला की खंदक रिकामा होणार, आणि बाहेरच्या तटातील मोठ्या खिडक्या वेढ्याच्या विचाराशी जुळत नाहीत. खंदक, तळी आणि येण्याची वाट अशा रीतीने आखलेली दिसते की पाहुण्याला किल्ला आधी दुरून, पाण्यातल्या प्रतिबिंबासह दिसावा. दरवाजावर घराण्यांची कुलचिन्हे कोरलेली आहेत. नव्याने वर आलेल्या माणसाची मिरवण्याची हौस लक्षात घेता दुसरा पक्ष अधिक पटतो, पण दोन्ही हेतू एकत्र नांदू शकतात.

सतराव्या शतकात राजा आणि संसद यांच्यात झालेल्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने असलेल्या मालकाने दंड भरण्यासाठी किल्ला विकला आणि त्यानंतर आतील इमारती पाडल्या गेल्या. पुढे शिल्लक दगडही विकला जाण्याची वेळ आली, तेव्हा १८२९ मध्ये जॉन फुलर याने किल्ला विकत घेऊन तो वाचवला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो लॉर्ड कर्झन याच्याकडे आला. भारतात १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा करणारा व्हाइसरॉय तो हाच. खंदक उपसून त्याने दुरुस्ती करवली आणि १९२५ मधील त्याच्या निधनानंतर, मृत्युपत्रानुसार, किल्ला नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे गेला.

रेल्वेने येणाऱ्यांना रॉबर्ट्सब्रिज स्थानकावर उतरून उरलेले काही किलोमीटर रस्त्याने जावे लागते. वेळ हाताशी असल्यास टेंटर्डन या गावाहून सुटणारी वाफेच्या इंजिनाची जतन केलेली गाडी अधिक मजेची. ती कुरणांतून रमतगमत थेट बोडियमला आणते. किल्ल्यापाशी १९४० मध्ये, जर्मन आक्रमणाच्या भीतीने बांधलेली काँक्रीटची बंदूकचौकी आहे. बहुतेक लोक तिच्याकडे न पाहताच पुढे जातात.

बाहेरून जवळजवळ अखंड वाटणारा किल्ला आत शिरताच उघड्या आभाळाखालचे भग्नावशेष ठरतो, आणि प्रथमच येणारा हमखास चकतो. तरी बारकाईने पाहणाऱ्याला बरेच सापडते. दिवाणखान्याच्या टोकाला लागोपाठ तीन कमानी उभ्या आहेत: एक पेयांच्या कोठीची, एक भाकरीच्या कोठीची आणि मधली स्वयंपाकघराकडे नेणारी. नैर्ऋत्य बुरुजाच्या तळाशी विहीर आहे. भिंतींच्या जाडीत बसवलेल्या शौचकूपांचा मैला सरळ खंदकात पडे, तेव्हा आज रम्य दिसणाऱ्या त्या पाण्याला एके काळी कसा वास येत असेल याची कल्पना करावी. बुरुजांतले चक्री जिने अरुंद आणि झिजलेले आहेत. माथ्यावरून दक्षिणेला रॉदरचे पात्र दिसते. आता ते एखाद्या ओढ्याइतके वाटते. डॅलिंग्रिजच्या काळी समुद्रातून आलेली गलबते त्याच पात्रातून बोडियमपर्यंत पोहोचत असत.