आवाज येतोय, पण ड्रायव्हर नक्की कुणाचा? विंडोजचा की कंपनीचा

मागच्या वेळी लॅपटॉप फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकलं तेव्हा पहिल्याच बूटला स्पीकरमधून आवाज आला आणि मी म्हटलं चला, ऑडिओचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला साउंडचं हार्डवेअर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, आपोआप बसला, एक काम कमी झालं. मग गाणं लावलं तर डब्यातून आल्यासारखं वाजायला लागलं, बास गायब, व्हॉल्यूम १०० वर नेला तरी मजा नाही. दोन दिवस मी स्पीकर फाटले असंच धरून बसलो होतो. फाटलं काहीच नव्हतं, चारपैकी दोनच स्पीकर वाजत होते, कारण बसलेला ड्रायव्हर विंडोजचा स्वतःचा होता, लॅपटॉपवाल्या कंपनीचा नाही.

या दोघांची गल्लत व्हायचं कारण म्हणजे नावं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक दिसतो 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' म्हणून आणि दुसरा 'रिअलटेक हाय डेफिनिशन ऑडिओ' किंवा नुसता 'रिअलटेक ऑडिओ' (रिअलटेक ही साउंडच्या चिप बनवणारी कंपनी). पिवळा त्रिकोण दोन्हीवर नसतो, 'डिव्हाइस नीट चालू आहे' हे दोघंही सांगतात. त्यामुळे राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग ड्रायव्हर टॅब उघडायचा आणि प्रोव्हायडर बघायचा. तिथे मायक्रोसॉफ्ट लिहिलं असेल तर तो जेनेरिक, म्हणजे सगळ्यांसाठी एकच बनवलेला.

आता एकच ड्रायव्हर सगळ्यांना कसा चालतो? तर २००४ मध्ये इंटेलने हाय डेफिनिशन ऑडिओ नावाचं स्टँडर्ड आणलं, त्याआधीच्या एसी ९७ च्या जागी. त्यात कंट्रोलर आणि कोडेक, म्हणजे डिजिटल डेटाचा आवाज आणि आवाजाचा डेटा करणारी चिप, यांनी एकमेकांशी कसं बोलायचं ते ठरलेलं आहे, आणि माझ्याकडे अमुक पिना आहेत, ही हेडफोनची, ही माईकची, हे कोडेकला विचारलं की कळतं. एक्सपीमध्ये हे आयतं नव्हतं, वेगळा पॅच टाकावा लागायचा, व्हिस्टापासून ड्रायव्हर विंडोजमध्येच यायला लागला. म्हणून आज फॉरमॅट मारल्या मारल्या आवाज येतो.

पण कोडेकला स्वतःबद्दल माहिती असते, बोर्डावर त्याच्या पुढे काय जोडलंय त्याची नसते, खरी मेख तिथे आहे. पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा बासच्या स्पीकरला वेगळी अँप्लिफायर चिप असते, ती कुणीतरी चालू करावी लागते आणि कशी करायची ते मॉडेलप्रमाणे बदलतं. हे फक्त कंपनीच्या ड्रायव्हरला सांगितलेलं असतं. इक्वलायझरचं ट्यूनिंग, माईकचा आजूबाजूचा गोंगाट कापणं, जॅकमध्ये काय खुपसलंय ते विचारणारी खिडकी, हे सगळं पण त्याच्याचकडे. लिनक्सवाल्यांना हे चांगलं माहितीये, कारण तिकडे कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, रिअलटेकच्या कोडमध्ये याच कामासाठी मॉडेलनिहाय शेकडो ओळींची यादी आहे, ह्या लॅपटॉपला ही पिन अशी जोड, त्याला ती तशी.

म्हणूनच 'माझी चिप रिअलटेकची आहे, मग कुठलाही रिअलटेकचा ड्रायव्हर चालेल' हे चुकतं. डिटेल्स टॅबमध्ये हार्डवेअर आयडी बघा, त्यात व्हेंडर असतो, चिपचा नंबर असतो आणि पुढे सबसिस म्हणून एक भाग असतो, तो बोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्याचा. चिप तीच पण सबसिस वेगळा म्हणजे पुढची जोडणी वेगळी असू शकते. कुठल्यातरी ड्रायव्हर शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागण्यापेक्षा आपल्या मॉडेलच्या सपोर्ट पेजवरून घेतलेला बरा.

एवढं वाचून कंपनीचा ड्रायव्हर म्हणजे सोनं असं वाटेल, तर तसंही नाही. नवीन विंडोजवर जाताना जास्त घोळ त्याचाच होतो. इंटेलच्या ११ व्या जनरेशनच्या मशिनवर स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी या ऑडिओ ड्रायव्हरच्या १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या व्हर्जनमुळे विंडोज ११ वर निळी स्क्रीन यायची, मायक्रोसॉफ्टने अशा मशिनचं अपग्रेडच अडवून ठेवलं होतं. गंमत म्हणजे इथे १०.३० हे १०.२९ पेक्षा नवीन नाही, शेवटचा आकडा बघायचा, तो ५७१४ किंवा पुढचा असला की ठीक. डिसेंबर २०२४ मध्ये पण विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटसाठी डिरॅकचं ऑडिओ सॉफ्टवेअर असलेली मशिन अशीच थांबवली होती, त्याच्या एका फाईलमुळे स्पीकर आणि ब्लूटूथ हेडसेट बंद पडायचे, ॲप्सना ते ओळखूच यायचे नाहीत.

अशा वेळी जेनेरिक कामाला येतो. अपडेट ड्रायव्हर, मग कॉम्प्युटरमध्ये शोधा, मग यादीतून मी निवडतो, आणि तिथे हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस दिसला तर तो घ्यायचा. बास जाईल पण मीटिंगमध्ये समोरच्याचं ऐकू तरी येईल. तुमचं त्यांना ऐकू जाईल का, हा वेगळा प्रश्न आहे, कारण बऱ्याच नवीन लॅपटॉपात आतला माईक कोडेकला जोडलेलाच नसतो, तो थेट इंटेलच्या डीएसपीला, म्हणजे प्रोसेसरकडच्या आवाजावर काम करणाऱ्या वेगळ्या भागाला, जातो, आणि जेनेरिकला तो दिसतच नाही. स्पीकर वाजतोय आणि माईक यादीत नाही असं झालं तर माईक बिघडला म्हणून लॅपटॉप खोलायला घेऊ नका, बहुतेक हेच असतं. लिनक्सवर अशाच मशिनला साउंड ओपन फर्मवेअरचं पॅकेज लागतं, ते नसलं की 'डमी आउटपुट' दिसतं आणि माणूस चक्रावतो.

यूएसबी डॅक किंवा इंटरफेसचं, म्हणजे यूएसबीला लावायच्या बाहेरच्या साउंड डिव्हाइसचं, गणित मात्र उलटं. विंडोज १० च्या १७०३ व्हर्जनपासून, म्हणजे २०१७ पासून, यूएसबी ऑडिओ क्लास २ (अशा डिव्हाइसचं स्टँडर्ड) चा ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे, नुसतं ऐकायचं असेल तर तो पुरतो. रेकॉर्डिंगला एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोचवणारी ड्रायव्हरची पद्धत) हवं असेल तरच कंपनीचा टाका.

डेस्कटॉपला बाहेरचे स्पीकर जोडून वापरत असाल आणि जेनेरिकवर सगळं नीट चाललंय तर माझ्या मते हात लावूच नका. लॅपटॉप असेल तर अपग्रेडच्या आधीच कंपनीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. विंडोज ११ चा मिळत नसेल तर १० चा ६४ बिट बहुतेक वेळा चालून जातो, एक्सपीवरून व्हिस्टावर जातानासारखी पडझड इथे होत नाही, तेव्हा विंडोजची अख्खी ऑडिओची रचनाच बदलली होती.

मीही शेवटी विंडोज १० चाच टाकला, चारही स्पीकर वाजायला लागले. फक्त रिअलटेकचं ऑडिओ कन्सोल, म्हणजे सेटिंगचं ॲप, उघडलं की आरपीसी सर्व्हिसला (ॲप ज्यातून ड्रायव्हरशी बोलतं तिला) कनेक्ट होत नाही म्हणतं, कारण ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा आणि स्टोअरवरचं ॲप नवीन डीसीएच पद्धतीचं (त्यात ड्रायव्हर आणि ॲप वेगवेगळे येतात). ॲपचा आवाजाशी काही संबंध नाही, म्हणून तसंच ठेवलंय.