‘व्हार’च्या नियमांमागची गोष्ट

लोकल व्हेरिएबल म्हणजे मेथडच्या (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याच्या) आत किंमत साठवणारं नाव. त्याचा टाइप, म्हणजे त्यात कुठल्या प्रकारची किंमत बसते ते, न लिहिता नुसतं ‘व्हार’ (var) लिहायची मुभा जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत मार्च 2018 मध्ये, आवृत्ती 10 सोबत आली. सी शार्प या भाषेत ती 2007 पासूनच होती. टाइप ताडण्याचं काम जावाचा कंपायलरही (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) आधीपासून करत होता: 2004 मध्ये जेनेरिक (वेगवेगळ्या टाइपवर चालणाऱ्या) मेथडसाठी, 2011 मध्ये डायमंडसाठी (टाइप न लिहिता सोडलेला रिकामा <> कंस), 2014 मध्ये लॅम्डासाठी (बिननावाचं छोटं फंक्शन).

खरा वाद पेटला तो ‘व्हॅल’वरून. स्काला आणि कोटलिन या भाषांमध्ये एकदाच किंमत घेणाऱ्या व्हेरिएबलसाठी ‘व्हॅल’ (val) आणि बदलता येणाऱ्यासाठी ‘व्हार’ अशी जोडी आहे. 2016 मध्ये प्रस्ताव चर्चेला आला तेव्हा अनेकांनी हीच जोडी मागितली. त्यावर जावा घडवणाऱ्यांकडून उत्तर मिळालं की, ज्या लोकल व्हेरिएबलला पुन्हा किंमत दिलेली नाही, त्याला जावा 8 पासून कंपायलर फायनलसारखाच (किंमत बदलता न येणाऱ्यासारखा) वागवतो; बदल रोखायची निकड फील्डला, म्हणजे मेथडबाहेर थेट क्लासमध्ये (डेटा आणि मेथड एकत्र बांधणाऱ्या साच्यात) असलेल्या व्हेरिएबलला, जास्त असते; आणि तरीही हवंच असेल तर ‘फायनल व्हार’ लिहा. युक्तिवाद चुकीचा नाही, पण त्यामुळे सुरक्षित पर्याय लिहायला लांबलचक झाला, आणि लांबलचक ते कोण लिहितं? मला हा निर्णय आजही खटकतो.

‘व्हार’ला मात्र कीवर्ड (भाषेने स्वतःसाठी पूर्ण राखून ठेवलेला शब्द) केलं नाही, हे फार शहाणपणाचं झालं. ते फक्त राखीव टाइपनाव आहे, म्हणजे टाइपचं नाव म्हणून तेवढं वापरता येत नाही. ज्यांच्या जुन्या कोडमध्ये ‘व्हार’ नावाचे व्हेरिएबल किंवा मेथड होत्या, त्यांचं काही बिघडलं नाही. अडचण फक्त त्या नावाच्या क्लासची, आणि क्लासचं नाव लहान अक्षराने सुरू करतं कोण?

फील्ड, मेथडचे पॅरामीटर (तिला दिल्या जाणाऱ्या किमती) आणि रिटर्न टाइप (ती परत देते त्या किमतीचा टाइप) मुद्दाम ‘व्हार’च्या बाहेर ठेवले. ते दुसऱ्यांशी केलेले करार असतात. आतली ओळ बदलली म्हणून करार बदलून चालत नाही. सुरुवातीची किंमतही हवीच, आणि ती नुसती नल (‘काहीच नाही’ दाखवणारी किंमत) किंवा नुसता लॅम्डा असून भागत नाही, कारण त्यातून टाइप निघत नाही.

घोळ होतो तो डायमंडशी गाठ पडल्यावर. डावीकडे ‘व्हार’ आणि उजवीकडे रिकाम्या डायमंडचा नवा अ‍ॅरेलिस्ट (जावातली एक यादी) लिहून पाहा. डायमंड एरवी डावीकडे बघून टाइप ठरवतो, ‘व्हार’ उजवीकडे बघतो. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात आणि हाती येते ऑब्जेक्टची, म्हणजे जावातल्या सगळ्यात सर्वसाधारण टाइपची, यादी. तीत स्ट्रिंग (मजकूर) बिनतक्रार भरता येतात. पहिली बाहेर काढून तिची लांबी विचारली की कंपायलर अडवतो, कारण त्याच्या लेखी ती नुसतं ऑब्जेक्ट असते.

सप्टेंबर 2018 च्या जावा 11 मध्ये लॅम्डाच्या पॅरामीटरलाही ‘व्हार’ चालू लागलं, ते मुख्यतः त्यावर अ‍ॅनोटेशन (कोडला जोडलेली टीप) लावता यावं म्हणून. एका पॅरामीटरला ‘व्हार’ लावलं तर त्या लॅम्डातल्या सगळ्यांना लावावं लागतं.