कॉर्नियातली बांधणीची प्रथिनं आणि वाढीचे सिग्नल

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि त्यातला साधारण ९०% भाग स्ट्रोमाचा, म्हणजे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या बारीक धाग्यांचा. ही प्रथिनं नुसती आधाराला असतात असं वाटतं पण तसं नाहीये, पेशींना वाढायला सांगणारे जे ग्रोथ फॅक्टर असतात त्यांना धरून ठेवायचं, अडवायचं आणि वेळ आली की सोडायचं, हे सगळं यांच्याकडेच असतं.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे एपिथेलियमखालची, म्हणजे कॉर्नियाच्या वरच्या पेशींच्या थराखालची, बेसमेंट मेंब्रेन. लॅमिनिन, टाइप ४ कोलॅजन, निडोजेन आणि पर्लेकन या प्रथिनांचं हे पातळ जाळं, पण अश्रूंमधला आणि एपिथेलियममधला टीजीएफ-बीटा हा ग्रोथ फॅक्टर ते खाली जाऊ देत नाही, म्हणून स्ट्रोमातल्या केराटोसाइट पेशी शांत राहतात. नख लागून वरवर ओरखडा आला तर दोन-चार दिवसांत भरून येतो, मागे काही राहत नाही, कारण जाळं शाबूत असतं. तेच फाटलं आणि नीट परत बनलं नाही की टीजीएफ-बीटा खाली झिरपत राहतो, केराटोसाइटचे मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे डाग पाडणाऱ्या पेशी, होतात, ते वेडंवाकडं कोलॅजन टाकतात आणि तो भाग पांढुरका दिसायला लागतो, आपण म्हणतो ना डोळ्यात फूल पडलं, तेच. पीआरके, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायच्या एका लेझरनंतर काहींना जो धूसरपणा येतो तोही असाच, आणि मेंब्रेन पुन्हा तयार झाली की सिग्नल तुटतो, मायोफायब्रोब्लास्ट मरतात, डाग हळूहळू निवळू शकतो. डागाच्या उपचारात या जाळ्याचा विचार आधी व्हायला हवा असं म्हणूनच वाटतं.

स्ट्रोमात डेकोरिन नावाचं प्रथिन टीजीएफ-बीटाला चिकटून त्याचा जोर कमी करतं. जखमेवर फायब्रोनेक्टिन हे प्रथिन जमतं, त्यावर इंटिग्रिन या पेशींवरच्या प्रथिनांनी पकड घेत एपिथेलियमच्या पेशी सरकतात आणि सोबत ईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचा सिग्नल त्यांना ढकलत असतो. टाइप १८ कोलॅजनचा तुकडा एंडोस्टॅटिन रक्तवाहिन्या वाढू देत नाही, कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात त्याचं हे एक कारण.

उलट बाजूनेही चालतं, म्हणजे ग्रोथ फॅक्टरही प्रथिनांवर परिणाम करतात. टीजीएफबीआय नावाचं प्रथिन टीजीएफ-बीटामुळेच जास्त बनतं, आणि त्याच्या जीनमध्ये बिघाड असला तर तेच कॉर्नियात साचत जातं, कधी कणांसारखं तर कधी जाळीसारखं, त्यांनाच ग्रॅन्युलर आणि लॅटिस डिस्ट्रॉफी म्हणतात.