पीटर, ससा आणि 'तो काही करत नाही हो!'

बागेच्या पलीकडच्या टोकाहून ही आरोळी येते, तोवर त्या गृहस्थांचं मोकळं कुत्रं निम्मं मैदान ओलांडून तुमच्या दिशेने सुटलेलं असतं. आरोळी खोटी नसते. ते कुत्रं खरंच काही करणार नसतं. करणार असतं ते आपलं.

दुसरं कुत्रं दिसताच भुंकणाऱ्या, दोरी ताणून झेपावणाऱ्या कुत्र्याला हल्ली 'रिॲक्टिव्ह' म्हणतात. लोकांना ते माजलेलं वाटतं, पण बरेचदा ते घाबरलेलं असतं, नाहीतर दोरीमुळे वैतागलेलं. मोकळी कुत्री शक्यतो एकमेकांच्या तोंडावर जात नाहीत. वळसा घेऊन बाजूने येतात, हुंगतात, आपापल्या वाटेने जातात. दोरीत वळसाही घेता येत नाही आणि पळताही येत नाही. उरतो तो आवाज. समोरचा निघून गेला (तो एरवीही जाणारच होता) की आपल्या कुत्र्याची खात्री पटते: भुंकलं की काम होतं.

यावरचा उपाय कुत्र्यांच्या नव्हे, एका मुलाच्या गोष्टीतून समजून घ्यावा. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची सशाची भीती घालवली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, त्याचं खाणं थांबणार नाही इतका लांब. मग हळूहळू जवळ. शेवटी ससा पीटरची बोटं कुरतडू लागला तरी त्याला काही वाटेना.

मला यात सगळ्यात आवडतं ते अंतर. खाणं हीच इथली मोजपट्टी. आमची कुत्री चाळीस पावलांवर बिस्किट अलगद घेते, पंचवीसवर बोटांसकट ओढते आणि पंधरावर तिला बिस्किट दिसतच नाही. शिकवणी चाळीसवरच होते. पंधरावर शरीर लढाईच्या तयारीत असतं, तिथे खाऊ नाकापुढे नाचवून काही साधत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत खूण आधी आणि अन्न नंतर येई. उलट केलं तर शिकणं फारच कच्चं राहतं. म्हणून आधी परकं कुत्रं दिसू द्यायचं, मग लगेच खाऊ. आपण नेमकं उलट करतो. लांबून कुत्रं दिसलं की घाईने पिशवी काढतो, आणि थोड्याच दिवसांत पिशवी खुळखुळली की आपलं कुत्रं शत्रू शोधू लागतं. यापुढे थोडं गणित आहे. रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांच्या 1972 च्या सूत्रानुसार एका अनुभवातून किती शिकणं होईल, ते अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकावर ठरतं. ठरल्याप्रमाणे सगळं घडलं तर नवं शिकणं जवळपास शून्य. महिनाभर 'कुत्रं म्हणजे खाऊ' अशी अपेक्षा बांधत आणली आणि एके सकाळी कुत्रं थेट अंगावर आलं, तर फरक प्रचंड, आणि धडाही तेवढाच मोठा, फक्त उलट्या दिशेचा.

दोरीला हिसका देऊन 'मालक कोण ते दाखवा' सांगणाऱ्यांचं मात्र ऐकू नका. कळपाच्या 'अल्फा'ची, म्हणजे दादागिरी करून वर बसलेल्या म्होरक्याची, कल्पना पसरली ती प्राण्यांचे अभ्यासक शेंकेल यांनी कैदेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून 1947 साली मांडलेल्या निरीक्षणांमुळे. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं. शिवाय हिसक्यालाही पाव्हलॉव्हचाच नियम लागू आहे: परकं कुत्रं दिसलं की मान दुखते, एवढंच त्यातून शिकलं जातं.

पीटरचा ससा पिंजऱ्यात होता, अंतर जोन्सबाईंच्या हातात होतं. बागेत ससाच धावत येतो. खाऊचा प्रयोग सुरू होण्याआधी न घाबरणाऱ्या मुलांसोबत खेळवून पीटरची भीती बरीच कमी झाली होती. मग तो आजारी पडला. दवाखान्यातून घरी निघताना, टॅक्सीच्या दाराशी, एका मोठ्या कुत्र्याने त्याच्यावर उडी घेतली आणि सशाची भीती होती तिथे परत आली.

म्हणून मी आता आरोळीला उत्तर देत नाही. मूठभर खाऊ धावत येणाऱ्या पाहुण्याच्या पुढ्यात जमिनीवर उधळते आणि आमच्या बाईसाहेबांना घेऊन मागे वळते. त्याचं नाक गवतात असेपर्यंत आमची वीस-पंचवीस पावलं सहज होतात.