लाकडाचा 85 मीटरचा टॉवर, आणि सगळा खेळ जोडांचा

नॉर्वेमध्ये म्योसा नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या काठावर ब्रुमुनडाल नावाचं छोटं गाव आणि त्या गावात 2019 च्या मार्चमध्ये एक 18 मजली बिल्डिंग उघडली, म्योसटोर्नेट, म्हणजे म्योसाचा टॉवर. उंची 85.4 मीटर. आत हॉटेल आहे, ऑफिसं आहेत, फ्लॅट आहेत, आणि हे सगळं ज्या सांगाड्यावर उभं आहे तो लाकडाचा. तेव्हा ती जगातली सगळ्यात उंच लाकडी इमारत होती, नंतर 2022 मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला असेंट नावाची 86.6 मीटरची झाली आणि तिने थोडक्यात मागे टाकलं, पण तिथे खालचे मजले आणि लिफ्टचे कोअर काँक्रीटचे आहेत. म्योसटोर्नेटमध्ये लिफ्टची शाफ्टसुद्धा लाकडाची.

आपल्याकडे लाकडाची बिल्डिंग म्हटलं की पहिला प्रश्न येतो आगीचा, आणि तो येणारच, कारण शनिवारवाड्याचे लाकडी मजले 1828 च्या आगीत गेले ते आपण शाळेपासून ऐकतोय. पण इथे लाकूड म्हणजे बारीक वासे आणि फळ्या नाहीत. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून, प्रेस करून जे जाड कॉलम-बीम बनवतात त्याला ग्लूलॅम म्हणतात, आणि या टॉवरच्या कोपऱ्यातला कॉलम जवळजवळ 1485 बाय 625 मिलिमीटर आहे, म्हणजे दीड मीटर रुंद! असं जाड लाकूड पेटलं की बाहेरून कोळसा होतो आणि तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. जळण्याचा वेग इंजिनिअर लोक मिनिटाला साधारण 0.7 मिलिमीटर धरतात, मग दोन तासांच्या आगीत बाजूने 84 मिलिमीटर जातील असा हिशोब करायचा, कॉलम त्याहून पुरेसा जाड ठेवायचा, आणि उरलेल्या गाभ्यावर बिल्डिंग उभी राहिली पाहिजे. उलट उघडं स्टील 600 अंशांच्या आसपास गेलं की त्याची निम्मी ताकद गेलेली असते. जाड लाकूड हळूहळू आणि अंदाज बांधता येईल असं हरतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

खरी अडचण वेगळीच निघाली, हलकेपणा. स्प्रूसचं वजन घनमीटरला साडेचारशे किलोच्या आसपास, काँक्रीटचं 2400. हलकी बिल्डिंग म्हणजे पाया स्वस्त, क्रेन छोटी, ट्रकच्या खेपा कमी, सगळं चांगलं, पण वारा आला की ती पटकन झुलते. रिकामा झोपाळा बोटाने ढकलला तरी हलतो, त्यावर दोन मोठी माणसं बसली की तोच धक्का पुरत नाही, तसंच. पडायची भीती नसते, पण सतराव्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला ती हालचाल जाणवते आणि मळमळतं. म्हणून बाराव्या मजल्यापासून वर त्यांनी लाकडी फ्लोअरऐवजी काँक्रीटचे स्लॅब टाकले, मुद्दाम, वजन वाढवायला. शिवाय चारही बाजूंना बाहेरच्या भिंतींलगत ग्लूलॅमचे प्रचंड ट्रस आहेत, म्हणजे तिरक्या दांड्यांच्या चौकटी, आणि वाऱ्याचा सगळा जोर तेच पायापर्यंत नेतात.

आता हे तिरके दांडे कॉलमला जोडायचे कसे? आपल्या वाड्यांमध्ये सुतार एका लाकडाला खाच पाडून दुसऱ्याचं टोक तासून त्यात बसवायचे, वरच्या वजनाने ते दाबून घट्ट राहायचं. इथे ओढाताण आहे, वारा एका बाजूने आला की दांडा दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूने आला की ताणला जातो, नुसती खाच निसटेल. म्हणून लाकडात उभे काप घेतात, त्यात स्टीलच्या प्लेटा सरकवतात आणि आडव्या भोकांतून स्टीलचे गोल दांडे, डॉवेल, आरपार ठोकतात. प्लेटा लाकडाच्या पोटात असल्यामुळे आगीतही झाकलेल्या राहतात, ही या जोडाची सगळ्यात हुशार बाजू.

पण लाकडाचा स्वभाव विसरून चालत नाही. ज्याने जळणाची लाकडं फोडलीत त्याला माहितीये, ओंडका उभा ठेवून कुऱ्हाड मारली की रेष्यांच्या दिशेने खटकन फुटतो, तोच आडवा तोडायला घाम निघतो. ग्लूलॅममध्येसुद्धा रेष्यांच्या दिशेने ताण सोसायची ताकद आडव्या दिशेच्या 40-50 पट धरतात. त्यामुळे डॉवेलची भोकं एकमेकांच्या फार जवळ पाडली आणि तिरक्या दांड्याला जोरात ओढलं तर एकेक डॉवेल वाकण्याआधी डॉवेलांच्या रांगांमधला लाकडाचा अख्खा तुकडाच रेष्यांवरून सरकून बाहेर येऊ शकतो, तिकिटांचा कागद छिद्रांच्या ओळीवर फाटतो ना, अगदी तसा. इंजिनिअरिंगमध्ये याला ब्लॉक शिअर म्हणतात.

हे फक्त पुस्तकात नाही. म्योसटोर्नेट ज्या इनलांडेट परगण्यात आहे तिथेच ट्रेटेन नावाच्या गावी नदीवर 148 मीटरचा पूल होता, ग्लूलॅम आणि स्टील मिळून केलेला ट्रस, 2012 मध्ये सुरू झालेला. 15 ऑगस्ट 2022 ला सकाळी तो कोसळला, पुलावर एक ट्रक आणि एक कार होती, दोन्ही ड्रायव्हर वाचले. दहाच वर्षांचा पूल! चौकशीत कारण निघालं ते हेच, एका तिरक्या दांड्याच्या जोडात ब्लॉक शिअर. सगळ्यात जास्त त्रास होतो तो पुढच्या गोष्टीचा, की 2016 मध्येच नॉर्वेत पेर्कोलो नावाचा लाकडी पूल जोडाच्या हिशोबातल्या चुकीमुळे पडला होता, त्यानंतर लाकडी पुलांची तपासणी झाली, ट्रेटेनचीही झाली आणि तो परत वाहतुकीला खुला केला गेला.

लाकूड वाईट आहे असा अर्थ यातून काढणं चूक आहे असं मला ठामपणे वाटतं, ताकद आणि वजन यांचं गुणोत्तर बघितलं तर ते अफाट मटेरियल आहे. पण स्टीलच्या पुलात नटबोल्टचा जोड निदान डोळ्याला दिसतो, गंज दिसतो, चीर दिसते. लाकडाच्या पोटातली प्लेट आगीपासून वाचावी म्हणून आपण झाकतो आणि त्याच झाकणाने ती तपासणाऱ्यापासूनही लपते, डॉवेलच्या रांगेत आत चीर पडली तर बाहेरून फक्त गुळगुळीत, पॉलिश केलेला स्प्रूस दिसतो.