किनाऱ्यावर दागिना शोधायला मशीन नेताय? हे आधी वाचा आणि घरी आल्यावर परत एकदा वाचा

नमस्कार. आमच्याकडून मेटल डिटेक्टर विकत घेणाऱ्या किंवा दोन-चार दिवस भाड्याने नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हा कागद देतो. बरेच जण येतात तेच घाबरेघुबरे होऊन, अंगठी गेलेली असते, रात्रभर झोप नसते आणि कधी एकदा मशीन हातात येतंय आणि किनारा गाठतोय असं झालेलं असतं. समजतं आम्हाला. तरी पाच मिनिटं बसा, कारण आमचा अनुभव असा आहे की दागिना राहून जातो तो घाईमुळे आणि मशीन बिघडतं ते घरी आल्यावरच्या कंटाळ्यामुळे.

कुठलं मशीन कुठे चालतं

कोरड्या वाळूत जवळजवळ सगळीच मशीन बरी चालतात. खरी गंमत ओल्या वाळूत सुरू होते, कारण खाऱ्या पाण्यातून वीज वाहते आणि साध्या एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला ती ओली वाळूच एक मोठा धातू वाटायला लागते, मग ते उगाच बीप बीप करत सुटतं आणि माणूस म्हणतो मशीन खराब आहे. ते खराब नसतं, ते त्या जागेसाठी नसतंच. लाटांच्या रेषेजवळ काम असेल तर मल्टी-फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं मशीन न्या (माइनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स त्यातलं), नाहीतर पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे छोटे झटके सोडून धातूचा प्रतिसाद टिपणारं (गॅरेट कंपनीचं सी हंटर त्यातलं). पल्सवालं मीठ आणि काळी (लोखंडाचे कण असलेली) वाळू दोन्ही पचवतं आणि खोलही जातं, पण ते लोखंड आणि सोनं यात नीट फरक करत नाही, त्यामुळे खिळे आणि बाटल्यांची बुचं भरपूर उकरावी लागतील, तयारी ठेवा.

आणखी एक, वॉटरप्रूफ हा शब्द ऐकून फसू नका. पुष्कळ मशीनची कॉइल (वाळूवरून फिरवायची खालची तबकडी) पाण्यात चालते पण वरचा डिस्प्लेचा बॉक्स अजिबात चालत नाही, गॅरेटच्या एस (ACE) मॉडेल्सचं तसंच आहे. घोटाभर पाण्यात उभं राहिलात आणि एक लाट कमरेपर्यंत आली की संपलं. आपलं मशीन किती खोलीपर्यंत चालतं ते निघण्याआधी आम्हाला विचारा, लाजू नका.

कधी जायचं

ओहोटीला. म्हणजे ओहोटी पूर्ण लागण्याच्या साधारण दोन तास आधी पोचायचं आणि मागे सरकणाऱ्या पाण्याच्या मागे मागे जायचं, भरती सुरू झाली की वर सरकायचं. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास वेळ जातो आणि ही वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ धरून आज जाऊ नका. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची ओहोटी असते, तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं आणि एरवी बुडालेली वाळू उघडी पडते. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, पाणी कमी हलतं तेव्हा) तेवढं मिळत नाही.

वादळ होऊन गेल्यावर (होऊन गेल्यावर, चालू असताना नाही!) लाटा वरची वाळू ओढून नेतात आणि कधी कधी किनाऱ्यावर पायरीसारखा कापलेला कडा दिसतो. त्या कड्याच्या पायथ्याशी आवर्जून शोधा, जुना माल तिथेच वर आलेला असतो.

हे का होतं ते सांगतो, कारण एकदा कळलं की शोधणंच बदलतं. शुद्ध सोनं पाण्याच्या १९.३ पट जड आणि वाळूचा कण साधारण २.६५ पट. लाट आली-गेली की वाळू हलते, अंगठी तिच्यातून हळूहळू खाली बसत जाते आणि चिकणमातीचा, शिंपल्यांचा किंवा खड्यांचा घट्ट थर लागला की थांबते. जड वस्तू जड वस्तूंच्या पंगतीत जाऊन बसतात. म्हणून एका पट्ट्यात मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं, नाणी, जड गोटे मिळायला लागले की पुढे पळू नका, तिथेच रेंगाळा.

शोधायचं कसं

१८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा ती शरीरात कुठे आहे हे शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतःचं धातू शोधायचं यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. एक तर गादीत पोलादी तारा होत्या, त्यांनी आवाज बिघडवला, आणि दुसरं म्हणजे डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली, गोळी निघाली डावीकडे. आम्ही हे प्रत्येकाला सांगतो कारण किनाऱ्यावर अजून याच दोन चुका होतात. स्वतःच्या बोटातल्या अंगठ्या, कडं, खिशातल्या किल्ल्या, बुटातली लोखंडी टोपी, हातातला स्टीलचा स्कूप (वाळू उकरून चाळायचं भोकांचं फावडं) हे सगळं कॉइलपासून लांब ठेवा, मोबाइल पण. आणि "इथेच पडली, मला पक्कं आठवतंय" यावर एकाच जागी तासभर घालवू नका. आठवण खरी असते पण वाळूवर खूण नसते, पाण्यात उभा असलेला माणूस प्रवाहाने बाजूला सरकत जातो आणि त्याला ते कळतही नाही. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना चांगली रुंद चौकट आखा, दोरी किंवा काठीने रेघा ओढा, आधी पाण्याला समांतर पट्टे मारा आणि मग आडवे.

कॉइल वाळूपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, पूर्ण सपाट, आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढला पाहिजे. झाडू मारताना आपण टोकाला हात उचलतो ना, तसंच लोक कॉइल उचलतात आणि कडेची सगळी खोली घालवतात. सावकाश फिरवा. हेडफोन लावाच, लाटांच्या आवाजात खोलवरचा बारीक सूर ऐकू येत नाही. ओल्या वाळूत गेल्यावर ग्राउंड बॅलन्स (वाळूचा स्वतःचा आवाज वजा करायची सेटिंग) नव्याने करा आणि मशीन बडबडत असेल तर सेन्सिटिव्हिटी दोन पायऱ्या खाली आणा, शांत झालेलं मशीन बडबडणाऱ्यापेक्षा खोल बघतं.

सोनं शोधत असाल तर डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळायची सेटिंग) लावू नका, हात जोडून सांगतो. सोन्याची अंगठी, चॉकलेटची चांदी, कॅनचं टॅब हे स्क्रीनवर जवळजवळ एकाच आकड्यांत येतात, कचरा गाळायला गेलात की अंगठीही गळते. बारीक चेन तर फारच अवघड, कारण मशीनला अख्खी चेन दिसत नाही, प्रत्येक कडी वेगळा तुकडा म्हणून दिसते, त्यामुळे दिसलं तर चेन अडकवायचा हूक किंवा पेंडंट दिसतं. तुटून उघडी पडलेली अंगठीसुद्धा अखंड अंगठीपेक्षा कमी आवाज देते. म्हणून चेन हरवली असेल तर हलका, तुटक आवाजही सोडायचा नाही.

आवाज मिळाला की अधिकच्या चिन्हासारखं उभं-आडवं फिरवून मध्य काढा, स्कूप मध्याच्या थोडा मागून घाला म्हणजे धार दागिन्याला लागून खडा उडणार नाही, आणि उकरल्यावर खड्डा पुन्हा तपासा. खड्डा गप्प झाला तर वस्तू बाहेर काढलेल्या ढिगात आहे. खड्डा बुजवा. प्रत्येक वेळी. रात्री तिथे कुणाचा तरी पाय मुरगळतो.

परवानगी कुठे लागते, सापडलेल्या वस्तूचं काय करायचं याचे नियम जागेजागी वेगळे आहेत, आधी चौकशी करा. कासवांची घरटी असतील तिथे उकरू नका. गंजलेली, बॉम्बसारखी वस्तू दिसली तर हात न लावता लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. दुसऱ्याची अंगठी सापडली तर आतली बाजू बघा, ७५० किंवा ९१६ असा शुद्धतेचा शिक्का असतो (१८ आणि २२ कॅरेट), आणि पुष्कळदा नाव नाहीतर तारीख कोरलेली असते, त्यावरून मालक मिळू शकतो. घासू नका, गोड्या पाण्यात बुडवून ठेवा.

घरी आल्यावर

हा भाग आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. जेवायच्या आधी, अंघोळीच्या आधी मशीन धुवायचं. मीठ ओलं असताना पाण्याने निघून जातं, वाळल्यावर त्याचे खडे होतात आणि सांध्यात, कनेक्टरच्या दोऱ्यांत, चार्जिंगच्या पिनांवर बसून राहतात.

नळाचं गोडं पाणी, हलकी धार. प्रेशर वॉशर कधीच नाही, तो पाणी सीलच्या आत ढकलतो. बॉक्स वॉटरप्रूफ नसेल तर तो ओल्या फडक्याने पुसायचा आणि फक्त दांडा नि कॉइल धुवायची.

कॉइलचं प्लॅस्टिक कव्हर काढून धुवा. एक ताई मशीन घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या कॉइल गेली, हवेत धरली तरी किंचाळते. आम्ही कव्हर नखाने उचकटलं तर आत कडेने बोटभर रुंद काळ्या ओल्या वाळूचा कंगोरा बसलेला, चिकट, लोहचुंबक जवळ नेलं की केसांसारखा उभा राहत होता. धुतलं, पुसलं, कव्हर लावलं, मशीन गप्प. नवीन कॉइलचा खर्च वाचला त्यांचा.

दांड्याचे भाग वेगळे करा आणि आतूनही पाणी सोडा. वाळूने अडकला असेल तर पिळून काढू नका, बादलीत भिजवा आणि मग हलवा, सुटतो. दांड्याला तेल, ग्रीस, गंज काढायचा स्प्रे काही लावू नका, वाळू त्याला चिकटते आणि पॉलिश पेपर तयार होतो. ग्रीस लागतं ते फक्त ओ-रिंगला (पाणी अडवणारी रबरी कडी), तेही सिलिकॉनचं आणि बोटाला चकाकी येईल एवढंच. लावण्याआधी ओ-रिंगवरून बोट फिरवा, एक वाळूचा कण किंवा एक केस राहिला तरी पाणी आत जातं.

चार्जरची केबल चुंबकवाली असेल तर तिच्या तोंडाकडे नीट बघा, काळ्या वाळूचे बारीक कण तिथे मिशीसारखे चिकटतात. चिकटपट्टीने ओढून काढा आणि पिना कोरड्या झाल्यावरच चार्जिंगला लावा. पिनांवर हिरवट-पांढरं काही दिसलं तर कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा.

कॉइलचा नट हाताने जेवढा बसतो तेवढाच आवळा, पकडीने आवळला की कॉइलचे कान तडकतात. केबल दांड्याला गुंडाळलेली असू दे, कॉइलजवळ थोडी ढील ठेवा पण लोंबकळू देऊ नका, हलणारी केबल खोटे आवाज देते.

एक गोष्ट किनाऱ्यावरचीच पण इथे सांगतो. उन्हात तापलेलं मशीन थेट थंड पाण्यात बुडवू नका. आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. आधी दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवा. बंद गाडीतही ठेवू नका, बॅटरी तिथेच मरते.

महिना-दोन महिने वापरणार नसाल तर साधे सेल काढून ठेवा आणि लिथियम बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज करून ठेवा, पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी नको. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. हेअर ड्रायर नको.

भाड्याचं मशीन परत आणताना कॉइलचं कव्हर वेगळं काढून, धुऊन, वाळवूनच आणा, चार्जर आणि स्कूप पिशवीत आहेत का बघा. आणि पाणी आत गेलंय असा जरा जरी संशय असेल तर चालू करून बघू नका, बॅटरी काढता येत असेल तर काढा आणि त्याच दिवशी आमच्याकडे घेऊन या. पहिल्या दिवशी आलेला बोर्ड आम्ही पुष्कळदा वाचवतो, आठवड्याने आलेला क्वचित.