आडवी बाटली, उभी बाटली आणि शून्यवाद

साताऱ्या-सांगलीकडे एखाद्या गावात महिलांचं दारूबंदीचं मतदान लागलं की आडव्या बाटलीचा (दुकान बंद) प्रचार होतो, उभीचाही (दुकान चालू) होतो. तिसरा सूर मात्र घराघरातून येतो: ‘बरोबर-चूक असं काही नसतंच. दुकान राहिलं काय, गेलं काय, सगळं सारखंच.’ हा शून्यवादच आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. (बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची शून्यता वेगळी, ‘काहीच उरत नाही’ म्हणणारा उच्छेदवाद त्याने नाकारलाच होता.)

लोकशाहीच्या बाजूने एक गणित नेहमी मांडलं जातं, ते कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताचं, १७८५ सालचं. प्रत्येक मतदार १०० पैकी ६० वेळा बरोबर ठरत असेल आणि आपापलं डोकं वापरत असेल, तर तिघांचं बहुमत सुमारे ६५ वेळा बरोबर ठरतं, १०१ जणांचं जवळपास ९८ वेळा. पण ६० च्या जागी ४० घाला, की हेच गणित तितक्याच जोराने उलटं फिरतं. शिवाय मुळात ‘बरोबर उत्तर’ असावं लागतं. शून्यवादी नेमकी तीच वीट काढून घेतो.

म्हणून मला १९५२ चं केनेथ मे या गणितज्ञाचं प्रमेय जास्त मोलाचं वाटतं. त्याला सत्य लागतच नाही. पर्याय दोनच असतील तर नियमाकडून एवढंच मागा: मत कुणाचं हे पाहू नये, कोणताही पर्याय लाडका नसावा, आणि बरोबरी असताना एकीने जरी मत फिरवलं तरी निकाल तिच्या बाजूला जावा, जिंकत असलेल्या बाजूला आणखी मत मिळालं तर ती जिंकलेलीच राहावी. समजा दहा जणी आहेत. पहिल्या अटीमुळे नावं गळतात, उरतात फक्त आकडे. ५-५ झाले, तर? नियमाने ‘आडवी जिंकली’ म्हटलं असं धरा. आता दोन्ही चिन्हांची अदलाबदल करा. दुसऱ्या अटीने निकाल उलटायला हवा. पण आकडे तर ५-५ च आहेत, म्हणजे निकाल तोच राहायला हवा. दोन्ही एकदम शक्य नाही, म्हणून ५-५ ला बरोबरीच. मग एकीने मत फिरवलं, ६-४ झाले, आणि तिसऱ्या अटीने ६ ची बाजू जिंकली. ७-३ ला तर प्रश्नच नाही. या अटींत बसणारा नियम एकच उरतो: साधं बहुमत. पर्याय तीन झाले की हा युक्तिवाद चालत नाही.

देवाला कौल लावणं पहिल्या दोन अटी पाळतं, तिसऱ्या अटीत नापास होतं. पाकळी कुठून पडेल हे गावाच्या मतावर अवलंबून नसतं. सार्वजनिक निर्णय असा सोडणं म्हणजे सगळ्यांचं मत सारखंच शून्य करणं.

अटींमागची समानता गणितातून निघत नाही, ती आपण धरायची असते. ऑस्ट्रियाच्या १९२० च्या राज्यघटनेचे शिल्पकार हान्स केल्सेन यांचं म्हणणं असं, की अंतिम सत्य कुणाच्याच हाती नाही, म्हणूनच विरोधी मतालाही जागा ठेवावी लागते.

आता आपल्याकडचा नियम पाहा. दुकान बंद व्हायला झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. इथे मे यांची दुसरी अट मोडते. नियम उभ्या बाटलीकडे झुकलेला आहे. यादीत १००० नावं, मतदान ७००, आडवी ४८०, उभी २२०: दुप्पट मतं मिळूनही दुकान चालू राहतं. ‘सगळं सारखंच’ म्हणून घरी थांबलेल्या ३०० जणी उभ्या बाटलीकडे मोजल्या गेल्या. यादीत मयत बायका आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या मुली राहिल्या तर त्याही तिकडेच. अशी ६० नावं असतील तर ५०१ मतं ९४० जणींतूनच मिळवावी लागतात, म्हणजे ५३ टक्क्यांहून जास्त. यादी दुरुस्तीचे अर्ज मतदानाची मागणी करण्याआधीच द्यावेत.